गाठ नसलेले गुलाब

सोयाबीन निघून गेलं की दारव्ह्याच्या आजूबाजूची शेतं काही दिवस ओकीबोकी दिसतात. तूर उभी असते, पऱ्हाटीची बोंडं फुटायला लागलेली असतात, पण मधले पट्टे नुसते काळे. सकाळी शाळेत जाताना स्कूटीच्या हँडलवर बोटं गार पडतात. नेमक्या त्याच आठवड्यात दरवर्षी माझ्या फोनवर एक निरोप येतो. दूरच्या डोंगराळ मुलखातल्या एका रोपवाटिकेचा असतो तो. गुलाबांची पाठवणी सुरू झाली आहे, कोणते हवेत ते कळवा, आणि खाली फोटोंची रांग. यंदाही आला. मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. निरोप उघडला, फोटो वर सरकवत गेले आणि फोन पालथा ठेवला. मागवायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. उत्तर लिहायचंच जिवावर आलं.

मग पेपरही राहिले बाजूला. तीन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा असाच येतो, काही विचारत नाही. लोकांना जुने दिवस डोळ्यांपुढे दिसतात म्हणतात. मला तो हिवाळा आधी पाठीत जाणवतो. बाबांना पलंगावरून उठवताना कमरेच्या वर एक शीर ताणली जायची, तिथं.

बाबा कृषी सहाय्यक होते. सगळी नोकरी या जिल्ह्यातच गेली. केळापूर, मुकुटबन, आर्णी आणि शेवटी दारव्हा. शेतकऱ्यांना संत्र्याची कलमं बांधायला शिकवणं हे त्यांचं काम, पण जीव गुलाबात. फिरतीवर कुणाच्या अंगणात चांगला गुलाब दिसला की गाडी थांबायची. घरातल्या बाईला रामराम करून ते एक फांदी मागून घ्यायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. संध्याकाळी घरी आले की हात धुवायच्या आधी तो डबा उघडायचा. जंगली गुलाबाच्या खोडाला चाकूनं चीर द्यायची, साल अलगद सोडवायची, आणि आणलेल्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, त्या सालीखाली बसवून पट्टीनं बांधायचा. डोळा लागला की वरचं जंगली कापून टाकायचं. मूळ जंगलीचं, फूल दुसऱ्याचं. जोडाच्या जागी बुडाशी एक गाठ येते आणि ती झाड असेपर्यंत राहते. त्या गाठीवर बाबांचा फार विश्वास. बिनगाठीचा गुलाब म्हणजे नुसती काडी, असं ते म्हणायचे. आमच्या मातीत, आमच्या उन्हात टिकायचं तर खालचं मूळ जंगलीच पाहिजे.

गुलाबांची खरी नावं त्यांनी कधी वापरली नाहीत. ज्या गावाहून डोळा आणला त्या गावाचं नाव झाडाला. केळापूरचा म्हणजे फिकट गुलाबी, आत पिवळसर, वासाला लिंबाची झाक असलेला. मुकुटबनचा म्हणजे जवळजवळ काळा वाटणारा लाल. आमच्या कुंपणाच्या भिंतीशी असे सव्वीस होते. काचबिंदूनं नजर गेली तेव्हाही त्यांना ओळ पाठ होती. पायरीपासून तिसरा केळापूरचा, सातवा मुकुटबनचा. आई गेली, मग नजर गेली, तरी सकाळी भिंतीला धरून धरून ते त्या ओळीशी जायचे. मी लग्न केलं नाही. घरात आम्ही दोघंच.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं, मग साखर वाढली, जखम भरेना. सात आठवडे मी तिथं होते. दवाखान्यामागे एक खोली घेतली होती. पत्र्याची. मे महिन्यातली यवतमाळची पत्र्याची खोली काय असते हे तिथं राहिलेल्यालाच कळेल. दुपारी मी दवाखान्याच्या जिन्यातच बसून राहायची, कारण तिथं फरशी तरी गार असायची. दारव्ह्याला शेजारच्या वहिनींनी झाडांना पाणी घालायचं कबूल केलं होतं. पण त्या उन्हाळ्यात नळच दहा-दहा दिवसांनी येत होता. प्यायचं पाणी साठवायचं की दुसऱ्याचे गुलाब जगवायचे? मी त्यांना कधी बोल लावला नाही. त्यांनीच पुढं कित्येक महिने माझ्याकडं नीट पाहिलं नाही.

जूनमध्ये बाबांना घेऊन घरी आले, तर भिंतीशी सव्वीस काटक्या. पाऊस पडल्यावर बुडातून हिरवे फुटवे आले. मी हरखले, वाकून पाहिलं, तर सगळे गाठीच्या खालून. पानं बारीक, एकेका देठावर सात-सात. जंगली. वरचं जे होतं ते सगळं गेलं होतं, आणि खालचं ते दणकट मूळ आता स्वतःचीच फांदी काढून बसलं होतं.

आतून पलंगावरून बाबांनी विचारलं, झाडं फुटली का. मी म्हटलं, फुटली.

इथून सुरुवात झाली. ते काही खोटं नव्हतं, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, केळापूरचाही फुटला का. मी हो म्हटलं. मग ते रोजच विचारू लागले. जेवताना एक घास कमी खाणारा माणूस गुलाबाचं बोलता बोलता पूर्ण पोळी खायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वॉकर धरून चालायची इच्छा झाली पाहिजे, तीच औषध. त्यांना चालायचं होतं ते त्या भिंतीपर्यंत. अशा माणसाला काय सांगणार?

दिवसा त्यांच्याजवळ बसायला सक्रीबाई यायची. जवळच्या तांड्यावरची, पन्नाशीची. शेअर जीपनं साडेनऊला उतरायची आणि पाचला परत जायची. पाय दुखले की बसता बसता 'याडी' म्हणायची, त्यांच्या बोलीत आई. तिला सगळं माहीत होतं, कारण ती दोन डोळ्यांनी पाहत होती. एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली की बाबूजीला सांगून टाका, म्हाताऱ्या माणसाला इतकंही कच्चं समजू नका. मी तिला म्हटलं, थोडे चालू लागू दे, मग सांगते.

रोपवाटिकेचा शोध मी ऑगस्टमध्ये शाळेच्या मधल्या सुट्टीत लावला. जुन्या अल्बमातले फोटो मोबाइलवर काढून चार-पाच ठिकाणी पाठवले. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. या डोंगरातल्या बाईंनी मात्र फोन केला. हिंदीत, सावकाश बोलायच्या. फोटोत फूल अर्धंच दिसत होतं तरी त्यांनी दोन जाती ओळखल्या, आणखी चार जवळपासच्या आहेत म्हणाल्या. मग त्यांनी बजावलं की आमच्याकडे कलमी नसतात. सगळे स्वतःच्या मुळांवरचे, फांदी लावून वाढवलेले. पहिली दोन वर्षं अंगानं लहान राहतील. पहिल्या वर्षी येईल ती कळी खुडून टाका, आधी मुळं धरू द्या. मी हो हो म्हटलं. गाठ असते की नसते, याचा विचारही माझ्या डोक्यात आला नाही. मला फुलं हवी होती.

ऊन उतरल्याशिवाय त्या रोपं पाठवत नसत. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा खोकं निघालं, आणि वाटेत कुठं तरी चार दिवस पडून राहिलं. आमच्याकडे कुरिअरचं सामान युसूफभाईंच्या सायकलच्या दुकानात उतरतं. साठीचे आहेत, पूर्वी नुसत्या सायकली दुरुस्त करायचे, आता पंक्चरच्या पाटीशेजारी खोक्यांची चळत असते. त्यांचा फोन आला तेव्हा मी बाबांचं अंथरूण बदलत होते. शाळेची सुट्टी होती, तरी मला दुकानापर्यंत जायला दुसरा दिवस उजाडला. घाबरतच गेले. खोकं रांजणाच्या तिवईखाली ठेवलेलं होतं, एक कोपरा कापलेला, आतून ओलसर वास येत होता.

"डब्ब्यावर लिवलं होतं, जिंदा झाडं," युसूफभाई म्हणाले. "मी म्हटलं, जिंदा हाय त हवा लागन, पाणी लागन. थोडं शिंपडलं. रागावू नका, टीचर."

मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसले आणि मला रडू आलं. कशाचं, ते सांगता येणार नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्या वाट्याचं एक काम मी न सांगता कुणीतरी करून ठेवलं होतं, एवढंच. युसूफभाईंनी सायकलचं चाक फिरवून बघायला घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं नाही.

सहापैकी पाच जगले. खरोखर काड्याच होत्या, पेन्सिलीएवढ्या, चार-चार पानांच्या. जंगली फुटवे मागं भिंतीला बांधून मी त्यांच्या पुढ्यात जुन्या जागा धरून ते लावले. पायरीपासून तिसरा, सातवा असे. हे सगळं शाळा, डबा, इन्सुलिन, अंथरूण यांच्या मधल्या फटीत. तो हिवाळा किती सुंदर पडला होता म्हणून सगळे सांगतात. तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास गल्लीभर असायचा, सकाळी धुकं चांगलं आठपर्यंत टिकायचं. मला आठवतं ते हे, की वर्गात फळ्याकडं तोंड करून मी क्षणभर डोळे मिटायची, खडू हातात तसाच, आणि मुलं वाट पाहायची.

कळ्या आल्या त्या मी खुडल्या नाहीत. पौषात पहिलं फूल उमललं. झाड वीतभर आणि फूल तळहाताएवढं, फांदी वाकून जमिनीला टेकलेली. मी ते कापून बाबांच्या हातात दिलं. त्यांनी नाकाशी नेलं, पाकळ्यांवरून बोट फिरवलं.

"केळापूरचा," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी वॉकर स्वतःहून मागितला. मला वाटलं, जिंकले. पुढच्या पंधरा दिवसांत त्या लहानशा झाडांकडून मी नऊ फुलं काढून घेतली. दोन झाडं त्यात मेली. पानं पिवळी पडली आणि एका आठवड्यात गेली. त्या बाईंचं म्हणणं मला पाठ होतं, आधी मुळं धरू द्या. तरी मी काढत राहिले. थकलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही, आजचा दिवस टळला म्हणजे झालं.

मग एका मंगळवारी मी शाळेतून आले तर सक्रीबाई दारातच उभी. पाच वाजून गेले होते, तिची जीप निघून गेली असणार. तिनं हळू आवाजात सांगितलं, की दुपारी बाबूजी चालत भिंतीपर्यंत गेले. पहिल्यांदाच. तिनं स्टूल नेऊन दिलं. ते बसले, वाकून तिसऱ्या झाडाच्या बुडाशी हात घातला. माती उकरून पाहिली. मग सातव्याशी जाऊन पाहिलं. मग म्हणाले, आत ने. तेव्हापासून बोलले नाहीत.

आत बाबा पलंगावर बसून होते. बोटांवर माती वाळलेली.

"नंदा, याले गाठ नाही," ते म्हणाले.

मी पिशवी खाली ठेवली.

"हे माह्ये झाडं नाहीत."

"नाहीत," मी म्हटलं.

"माह्ये कुठं गेले?"

मी सांगितलं. मे महिन्यात सगळे गेले, जंगलीच उरलंय, हे मी विकत मागवलेत. उभ्या उभ्याच सांगितलं, वर्गात हजेरी घ्यावी तसं. मला वाटलं होतं, ते म्हणतील की मला आधीपासून ठाऊक होतं. तसं काही झालं नाही. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर, म्हणजे त्यांच्या त्या अंधारात, सव्वीसच्या सव्वीस झाडं आठ महिने उभी होती आणि ती एका क्षणात गेली. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि भिंतीकडं तोंड केलं.

पुढचे दहा-बारा दिवस त्यांनी गुलाबाचं नाव काढलं नाही. फूल हातात दिलं तर उशाशी ठेवून द्यायचे, वास घ्यायचे नाहीत. वॉकर कोपऱ्यात. अर्धी पोळी. मी विचारलं तेवढ्याला हो-नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी रात्रंदिवस जे केलं होतं त्यावर त्या एका खोट्यानं पाणी फिरलं, असं मला वाटायचं, आणि मग त्यांचाच राग यायचा.

एका संध्याकाळी त्यांनी दुधाचा पेला परत सारला आणि म्हणाले, "मले काहून नाही सांगतलं?"

बारा दिवसांनी. मी हातातला पेला टेबलावर ठेवला. माझा आवाज चढला नाही, तेवढी ताकदच नव्हती.

"कधी सांगू, बाबा? तुम्ही जेवत नव्हते तेव्हा, की जखम वाहत होती तेव्हा? तुमच्यापाशी होती मी. झाडापाशी कोण राहणार होतं? मी एकटी आहे. तुम्हाला आणलं घरी, झाडं नाही आणता आली मले. आता मी थकली."

हे शेवटचं वाक्य मी तोवर कुणाशी बोलले नव्हते. सक्रीबाईशी नाही, शाळेतल्या बायकांशी नाही. कसं आहे विचारलं की ठीक आहे म्हणायची. बाबांनी हात पुढं केला. मला वाटलं, माझा हात हवाय. त्यांना पेला हवा होता. सगळं दूध प्यायले ते, सावकाश, आणि पेला माझ्याकडं दिला.

दोन दिवसांनी ते म्हणाले, चाकू काढ. आईच्या कपाटात खालच्या खणात डोळे भरायचा चाकू होता, हस्तिदंती दिसणाऱ्या मुठीचा. धार गेलेली. युसूफभाईंनी ती लावून दिली. रविवारी सकाळी बाबा स्टुलावर बसले, मी मातीत बसले. जंगली अजून बळकट आहे, त्यावर केळापूरच्याचा डोळा भर, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे हात कापत होते म्हणून चाकू माझ्याकडं. जन्मभर मी त्यांना हे करताना पाहिलं होतं आणि एकदाही स्वतः केलं नव्हतं. चीर इतकी खोल दिली की आतलं लाकूड दिसलं. ते विचारत होते, साल सुटते का, ओली आहे का, आणि मी सांगत होते. डोळा उलटा बसवला आणि त्यांनी बोटानं चाचपून तो सुलटा करायला लावला. एक, दोन, तीन असे तीन डोळे आम्ही भरले. पाऊण तास लागला. बाबा एकट्यानं तेवढ्या वेळात तीस भरायचे. त्यांनी तसं म्हटलं नाही. बांधताना पट्टी माझ्या हातून दोनदा सुटली, तेव्हा ते हसले. थोडंसंच.

तीन आठवड्यांनी पाहायचं असतं. डोळ्याखाली ठेवलेला पानाचा देठ बोट लावताच गळून पडला तर डोळा लागला. वाळून चिकटून राहिला तर गेला. मधल्या दिवसांत त्यांनी पुन्हा वॉकर धरला. जेवण वाढलं असंही नाही, पण अर्धी पोळी थाळीत उरायची ती पाव उरू लागली. स्वतःच्या मुळांवरच्या तीन उरलेल्या झाडांच्या कळ्या मी आता खुडू लागले. बाबांनीच सांगितलं तसं. बिनगाठीच्या काड्यांबद्दल त्यांनी मत बदललं नाही, पण एकदा म्हणाले, "आलेत ना आपल्याकडं, मंग जगवायचे."

ती तीन झाडं आजही आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी महिनाभर तापानं आडवी होते. पाणी नाही, काही नाही, तीनही पार जमिनीपर्यंत वाळली. पावसात फुटली ती बुडातून, आणि तिसऱ्या जागी वर आला तो जंगली नाही, केळापूरचाच. मला ते बाबांना सांगायचं होतं. त्यांना जाऊन तोवर वर्ष उलटलं होतं. दिवसा झोपेत गेले, सक्रीबाई पायाशी बसली होती. तिला वाटलं, अजून झोपलेत.

पण मला आठवतो तो त्या हिवाळ्याचा शेवट. माघ सरत आला होता, दुपारी ऊन टोचायला लागलं होतं. शनिवार होता, सकाळची शाळा. मी घरी आले तर बाबा भिंतीशी स्टुलावर माझी वाट पाहत बसलेले. तीन आठवडे झाले, बघ, म्हणाले. मी खाली बसले. पहिल्या डोळ्याच्या देठाला बोट लावलं. हलला नाही. वाळून खुंटीसारखा झालेला. दुसराही तसाच. तिसऱ्याचा डोळा काळा पडून सालीतून बाहेर आलेला.

"लागला?" बाबांनी विचारलं.

माझ्या तोंडाशी काय आलं होतं ते मला चांगलं आठवतं. सवय झाली होती.

"नाही, बाबा," मी म्हटलं. "तिन्ही गेले."

त्यांनी खाली वाकून स्वतः हात लावून पाहिला नाही. मान हलवली.

"बरं," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या रविवार आहे ना?"

"हो."

"मंग उद्या उठू नको लवकर. मी बसतो सकाळी एकटा. सक्रीले सांगतलं आहे, उद्या येते ते."

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन खोलीत पार पलंगापर्यंत आलं होतं. दहा वाजून गेले होते. वर्षभरात इतकी मी झोपले नव्हते. आधी धसकाच बसला, त्यांचं इन्सुलिन राहिलं. मग ओट्याकडून आवाज आला. सक्रीबाईनं पातेलं आपटलं असावं, आणि बाबा तिला दबक्या आवाजात सांगत होते, की इंजेक्शन शेजारच्या वहिनीनं येऊन दिलं आहे, चहा झाला आहे, आता भांडी राहू दे सारी. पोरगी झोपून राह्यली आहे.

मी उठले नाही. पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.